हे धरलं जाईल का? ख्रिस्ती जीवनातली कृपा, विश्वास आणि नियम

नगरकडच्या एका गावात आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एक आजी होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज पवित्र शास्त्राचे तीन अध्याय वाचायचे आणि वहीत तारीख घालून पुढे बरोबरची खूण करायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. भरलेल्या वह्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधून ट्रंकेत ठेवलेला. डोळ्यांनी साथ सोडल्यावर त्या नातवाला शेजारी बसवून वाचून घेऊ लागल्या. मी भेटायला गेले तेव्हा चालू वही त्यांनी माझ्या हातात दिली. शेवटच्या काही पानांवर बरोबरच्या खुणेऐवजी नुसतं टिंब होतं. "आता मी वाचत नाही, ऐकते," त्या म्हणाल्या. "हे धरलं जाईल का गं?"

मला पटकन काही बोलता आलं नाही. 'तारण (म्हणजे पापातून सुटका) कृपेनं होतं' हे ज्यांनी लहानपणापासून हजार वेळा ऐकलं, त्यांच्या मनात शेवटी हजेरीपटाचीच धास्ती उरली होती. याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं वाक्य मला ऑफिसात ऐकू येतं: "तुम्हा ख्रिस्ती लोकांचं बरं असतं. माफी मागितली की पाटी कोरी." आजींची धास्ती आणि सहकाऱ्यांचा हा समज, दोन्ही एकाच गाठीपाशी अडकलेत. लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे, चाळीस दिवस आले, काय खायचं आणि काय सोडायचं याची चर्चा घराघरात सुरू झाली, की ही गाठ आणखी आवळते. ती सोडवायचा हा प्रयत्न.

आधी चार शब्द

नियमशास्त्र म्हणजे मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांना मिळालेल्या आज्ञा. दहा आज्ञा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, पण यहुदी परंपरा एकूण ६१३ मोजते. काय खावं, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, कसा पाळावा, मुलग्याची सुंता केव्हा करावी इथपासून शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी उभं सोडावं इथपर्यंत सगळं त्यात येतं. नीतिमान ठरणं हा मुळात न्यायालयातला शब्द आहे. न्यायाधीशानं 'हा निर्दोष' असा निकाल दिला, की तो माणूस नीतिमान ठरला.

कृपा हा शब्द मराठी माणसाला परका नाही. संतांचे अभंग कृपेनं ओथंबलेले आहेत, आणि ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण रोजच्या बोलण्यात आपण 'साहेबांची कृपा' असंही म्हणतो. तिथे कृपा म्हणजे मर्जी. आज आहे, उद्या नाही, आणि ती राखायला सतत पुढे-पुढे करावं लागतं. कितीतरी ख्रिस्ती माणसं देवाच्या कृपेला नकळत हाच अर्थ लावतात. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे खारिस, आणि त्याच्या पोटात भेटीचा, दानाचा अर्थ आहे. घेणाऱ्याची लायकी पाहून हे दान दिलेलं नसतं.

विश्वासाच्या बाबतीत मराठी आपल्याला छान मदत करते. 'माझा देवावर विश्वास आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा 'देव आहे असं मला वाटतं' एवढाच निघतो. 'मी त्याच्यावर विश्वास टाकला' म्हटलं की गोष्ट बदलते. टाकला म्हणजे आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. ग्रीकमधला पिस्तिस या दुसऱ्या अर्थाचा शब्द आहे. आपला 'भरवसा' त्याच्या सगळ्यात जवळ जातो.

रात्रीची एसटी

रात्रीच्या एसटीनं घाट उतरताना गाडीत दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. एक खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेला. दुसरा टक्क जागा, पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरलेला, आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबून जणू स्वतःच ब्रेक मारतोय. गाडी दोघांचीही तीच. चालक तोच. पायाखाली ब्रेक नसताना तो दाबल्यानं गाडी तसूभरही हळू होत नाही. सकाळी दोघंही स्टँडवर उतरतात, एक ताजातवाना आणि दुसरा गळून गेलेला.

नियम पाळून देवाची मर्जी मिळवू पाहणारा माणूस या दुसऱ्या प्रवाशासारखा असतो. त्याचे कष्ट खोटे नसतात, पाय खरोखर दुखतात. पण तारण नावाची गाडी त्याच्या पायानं चालतच नसते. ख्रिस्ती शिकवणीनुसार ते काम येशूनं वधस्तंभावर आणि पुनरुत्थानात पुरं केलेलं आहे. झोपलेल्या प्रवाशाचा विश्वास काही फार मोठा होता असंही नाही. कदाचित तो नुसता दमलेला होता. विश्वास किती मोठा यापेक्षा तो कोणावर टाकला, हे महत्त्वाचं.

भांडणाला तोंड फुटलं ते पंगतीवरून

हा वाद पहिल्यांदा कधी पेटला ते पाहिलं, की तो किती जिव्हाळ्याचा आहे हे कळतं. आजच्या तुर्कस्तानच्या मधल्या भागात गलतिया नावाचा प्रांत होता. पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकानं तिथे सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगितली, आणि यहुदी नसलेली बरीच माणसं विश्वासात आली. पौल पुढे गेल्यावर तिथे दुसरे शिक्षक पोहोचले. येशूवर विश्वास ठेवलात हे उत्तम, ते म्हणाले, पण आता सुंता करून घ्या, सणवार पाळा, म्हणजे तुमचं पक्कं होईल.

इसवी सन ५० च्या आसपास पौलानं त्यांना जे पत्र लिहिलं ते आजही वाचताना चटका बसतो. एरवी त्याची पत्रं बहुधा देवाचे आभार मानत सुरू होतात. या पत्रात आभार नाहीतच. नमस्कार झाला की तो थेट म्हणतो, तुम्ही इतक्या लवकर दुसऱ्याच सुवार्तेकडे वळलात याचं मला आश्चर्य वाटतं.

आणि मग तो अंत्युखिया शहरातला एक प्रसंग सांगतो. पेत्र, येशूच्या शिष्यांतला सगळ्यात थोर, अंत्युखियात यहुदी नसलेल्या बांधवांबरोबर एका पंक्तीला बसून जेवत असे. यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि त्यांच्या भीतीनं पेत्र हळूहळू मागे सरू लागला. वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी सरकले. ज्यानं पौलाबरोबर गावोगाव फिरून हीच सुवार्ता सांगितली होती तो बर्णबासुद्धा सरकला. पौलानं सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं.

पंगतीतून उठून वेगळं बसणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पेत्रानं तोंडानं कोणाला कमी लेखलं नव्हतं, कुठली शिकवणही बदलली नव्हती. फक्त पान उचललं होतं. पण उरलेल्यांना त्यातून जे कळायचं ते कळलं: तुमचा ख्रिस्त पुरेसा नाही, आमच्यासारखे झालात तरच तुम्ही आमचे. पौलाला संताप आला तो याचा. नियमांनी नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्त उगाच मेला, हे त्याचं प्रसिद्ध विधान याच प्रसंगाला लागून येतं.

मला हा प्रसंग वाचताना आमच्याच लग्नाच्या बैठका आठवतात. एकाच मेजावरून प्रभुभोजन घेणारी दोन घरं सोयरीक जुळवताना हळूच 'मूळचे कोण?' असं विचारतात. कृपेची शिकवण ओठांवर असते, आणि पान उचललेलं असतं.

यरुशलेममध्ये साधारण इसवी सन ४९ मध्ये यावर एक मोठी सभा भरली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तिची हकिगत आहे. तिथे पेत्रच उभा राहून म्हणतो की जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही वाहवलं नाही, ते या शिष्यांच्या मानेवर कशाला ठेवता? सुंतेची अट घालायची नाही असं ठरलं. मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि व्यभिचार, एवढ्यापासून दूर राहायला सांगितलं गेलं. त्यातल्या खाण्यापिण्याच्या गोष्टींमुळे सगळ्यांना एकत्र जेवणं सोपं जाणार होतं.

अब्राहामाच्या गोष्टीतली तेरा वर्षं

पौलाच्या विरोधकांचा हुकमी मुद्दा होता अब्राहाम. आपला मूळपुरुष, त्यानंच सुंता केली, मग तुम्ही का नको म्हणता? पौलानं उत्तर म्हणून फक्त पुस्तकाची पानं मागे उलटली. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम देवावर भरवसा ठेवतो आणि देव ते त्याचं नीतिमत्त्व म्हणून मोजतो. सुंतेची आज्ञा येते सतराव्या अध्यायात. मधल्या सोळाव्या अध्यायाच्या शेवटी अब्राहामाचं वय ८६ आहे, आणि सुंता होते तेव्हा ९९. म्हणजे निकाल आधी लागला आणि खूण किमान तेरा वर्षांनी आली. मोशेचं नियमशास्त्र तर, पौलाच्या हिशेबानं, देवानं अब्राहामाला दिलेल्या वचनानंतर ४३० वर्षांनी आलं. एकदा नोंदवलेल्या मृत्युपत्रात चार शतकांनी कोणी नवी अट कशी घुसडणार?

हा सगळा लेख ज्या एका गोष्टीसाठी लिहितेय ती इथे आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी स्वीकार, मग आज्ञापालन. क्रम उलटा लावला की शब्द तेच राहतात आणि धर्म दुसराच होतो.

यहुदी धर्माविषयीही इथे नीट बोललं पाहिजे, कारण आमच्या उपदेशांतून त्याच्यावर फार अन्याय झालाय. 'यहुदी म्हणजे नियमांचे गुलाम' हे चित्र खरं नाही. दहा आज्ञांची सुरुवातच पाहा: मिसर (इजिप्त) देशातून, दास्याच्या घरातून ज्यानं तुला बाहेर आणलं तो मी तुझा देव. सुटका आधी झाली, आज्ञा समुद्र ओलांडल्यावर मिळाल्या. ई. पी. सँडर्स या अभ्यासकानं १९७७ मध्ये हेच दाखवून दिलं की त्या काळच्या यहुदी लोकांनाही कराराची सुरुवात देवाच्या निवडीनं होते हे माहीत होतं, आणि तेव्हापासून पौलाच्या पत्रांचा अभ्यास बराच बदलला. नियमांवर भिस्त ठेवायचा मोह कुठल्या एका धर्माचा नाही. तो माणसाचा आहे, आणि सर्वात जास्त तो आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरात मुक्कामाला असतो.

मग नियम दिलेच कशाला?

पौल यासाठी बालरक्षकाचं उदाहरण देतो. ग्रीक-रोमी श्रीमंत घरांत मुलाला शिक्षकाकडे नेण्या-आणण्यासाठी एक दास नेमलेला असे. रस्त्यात मुलावर नजर ठेवायची, वाकडं वागला तर दटवायचं, हे त्याचं काम. तो शिक्षक नव्हता, बापही नव्हता. मुलगा मोठा झाला की त्याचं काम संपे. नियमशास्त्र आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचवणारा असा बालरक्षक होतं, असं पौल म्हणतो.

दवाखान्यातलं उदाहरण घेतलं तर नियम हे एक्स-रेसारखे आहेत. हाड कुठे मोडलंय ते एक्स-रे बिनचूक दाखवतो, आणि ते दाखवणं गरजेचंही असतं. पण फिल्म कितीही वेळा प्रकाशासमोर धरली तरी हाड जुळत नाही. 'लोभ धरू नको' ही आज्ञा वाचल्यावर मला माझा लोभ दिसतो. तो जावा यासाठी दुसरंच काही लागतं.

"मग वाट्टेल तसं वागायला मोकळे?"

हा आक्षेप नवा नाही. पौलाच्या हयातीतच लोक त्याच्यावर हा आरोप करत होते, रोमकरांच्या पत्रात तो स्वतःच तसं सांगतो. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असा प्रश्न तो सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत विचारतो आणि 'कधीच नाही' म्हणतो. माझ्या मते हा आक्षेप कोणी घेतच नसेल, तर आपण कृपा अजून पुरेशी उघडपणे सांगितलेली नाही असं समजावं.

उत्तर जक्कयाच्या गोष्टीत दिसतं. यरीहोचा हा मुख्य जकातदार, रोमी सत्तेसाठी वसुली करणारा आणि त्यात आपलंही भरून घेणारा. बुटका, म्हणून गर्दीत येशू दिसावा यासाठी उंबराच्या झाडावर चढला. येशू झाडाखाली थांबला आणि म्हणाला, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी पैसे परत कर, मग येतो, असं तो म्हणाला नाही. गावानं कुरकुर केली. जक्कयानं मात्र उभं राहून जाहीर केलं की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. 'चौपट भर' अशी अट येशूनं घातली नव्हती. घरी पाहुणा आला, आणि तिजोरीची कुलपं आतून निघाली.

माझ्या सहकाऱ्यांना इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. देवाची क्षमा ही ज्याचं नुकसान झालं त्याच्या हक्कावर बोळा फिरवत नाही. ज्याला फसवलं त्याचे पैसे देणं बाकीच राहतं, गुन्हा असेल तर न्यायालयापुढे उभं राहणंही. 'देवानं मला माफ केलं, आता तू विषय काढू नकोस' असं पीडित माणसाला ऐकवणं ही कृपा नव्हे. हिटलरच्या राजवटीला विरोध करणारे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी गेलेले जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर अशा प्रकाराला 'स्वस्त कृपा' म्हणत. पश्चात्तापाशिवाय क्षमा, येशूच्या मागे न चालता त्याचं नाव. कृपा घेणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला तिची किंमत वधस्तंभाएवढी पडलेली असते.

"याकोब तर उलटंच सांगतो"

कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे, हे याकोबाच्या पत्रातलं वाक्य. बायबलच बायबलला खोडतंय की काय असं पहिल्या वाचनात वाटतं. पण दोघं वेगवेगळ्या माणसांशी बोलतायत. पौलापुढे बसलाय तो कर्मांची यादी घेऊन देवाच्या दारात उभा राहणारा. याकोबापुढे आहे तो, ज्याच्या दारात उघडा-उपाशी भाऊ आला आणि जो 'जा, ऊब घे, पोटभर खा' एवढं म्हणून दार लावतो. देव एकच आहे असं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोब ठणकावतो. म्हणजे 'विश्वास आहे' आणि 'विश्वास टाकला' यांतला फरकच तो दाखवतोय.

कोकणातलं हापूसचं कलम डोळ्यांसमोर आणा. आंबे लागले म्हणून ते झाड हापूस झालं असं कोणी म्हणत नाही. फांदी हापूसची बांधली होती, म्हणून आंबे हापूसचे आले. पण दहा वर्षं झाली आणि एकही फळ नाही, तर बागायतदार कलम धरलं होतं की नाही ते बघायला नक्की जाईल. पौल गलतीकरांना प्रीती, आनंद, शांती अशी नऊ गुणांची यादी देतो तेव्हा त्यांना 'कामं' म्हणत नाही, 'आत्म्याचं फळ' म्हणतो.

"विश्वास ठेवणं हेही कामच झालं की"

हा प्रश्न विचार करणाऱ्या माणसाचा आहे, आणि मंडळीतल्या हळव्या मनांना तो फार छळतो. माझी प्रार्थना फळली नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी पडला. आजारी माणसाच्या उशाशी बसून असं बोलणारे लोक मी पाहिलेत, आणि मला ते क्रूर वाटतं. त्यांनी नियमांच्या जागी विश्वास नावाचा आणखी एक नियम बसवलेला असतो, तोही मोजता न येणारा.

भिकाऱ्यानं पुढे केलेला हात ही त्याची कमाई नसते. हात थरथरत असला तरी दान तेवढंच पडतं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानात एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणतो आणि म्हणतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही. येशू त्याला 'आधी पुरता विश्वास धरून ये' म्हणून परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो.

हा वाद कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांचाच ना?

होता, आणि फार कडवट होता. मार्टिन लूथर १५०५ मध्ये जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात संन्यासी झाला. उपास, जागरणं, तासन् तास पापांची कबुली, सगळं करूनही त्याचं मन निवेना, कारण एखादं पाप सांगायचं राहून गेलं असेल तर? रोमकरांचं पत्र वाचताना त्याला उमगलं की देवाचं नीतिमत्त्व हे उगारलेला दंड म्हणून नव्हे, दान म्हणून येतं. पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध १५१७ मध्ये त्यानं ९५ मुद्दे मांडले आणि युरोपातली मंडळी दुभंगली. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं कॅथलिक बाजू ठरवली. तीही कृपेनंच सुरू होते हे आम्ही प्रॉटेस्टंट सहसा सांगत नाही.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असा त्यातला आशय. २००६ मध्ये मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथानं याला संमती दिली. काही मतभेद उरलेत. पण वसईतला कॅथलिक आणि नगरचा प्रॉटेस्टंट या मुद्द्यावर वाटतात त्याहून जवळ आहेत.

रमाबाईंची आठ वर्षं

या विषयावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यानं. त्यांचं बालपण आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रांत पुराणं सांगत फिरण्यात गेलं. व्रतं, उपास, दानधर्म, काही करायचं ठेवलं नव्हतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. पुढे कलकत्त्यात विद्वत्तेचा गौरव, लग्न, वैधव्य, पुणे, आणि मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना मायेनं वागवलं, आणि बारीकसारीक बाबतीत वळण लावायचाही प्रयत्न केला. रमाबाई मांस-अंडी खात नसत. एका भगिनीला त्यात जुन्या जातीचा ताठा दिसला. रमाबाई हटल्या नाहीत. आणि १८८५ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा: भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मी मोठ्या कष्टानं झुगारलंय, आता तसंच दुसरं जू मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. हे वाचताना मला गलतीकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय ऐकू येतो: दास्याच्या जुवाखाली पुन्हा सापडू नका. एक विधवा बाई, परक्या देशात, ज्यांच्या आधारावर राहतेय त्यांनाच हे लिहिते.

पुढे त्यांनी स्वतःच्या आत्मसाक्षीत जे कबूल केलं ते त्याहून धाडसाचं आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे १८९१ च्या सुमाराला, विधवांसाठीचं शारदा सदन उभं राहिलेलं, नाव जगभर झालेलं असताना. धर्म बदलून, उपासनेची रीत बदलूनही आत हिशेब चालूच राहू शकतो. तो थांबला तेव्हा रमाबाईंचं काम थांबलं का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला, केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. 'फुकट मिळालं की माणूस आळशी होतो' म्हणणाऱ्यांनी एकदा केडगावला जाऊन यावं.

त्यांनी शाकाहार मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. पौलाला ते चाललं असतं. रोमकरांच्या चौदाव्या अध्यायात तो म्हणतोच की भाजीपाला खाणाऱ्यानं दुसऱ्याला दोष लावू नये, आणि सगळं खाणाऱ्यानं त्याला तुच्छ मानू नये.

मग नेम सोडून द्यायचे?

उपास, रोजचं वाचन, दशमांश (मिळकतीचा दहावा भाग देणं), रविवारची उपासना, यांतलं काही सोडा असं पौल सांगत नाही. झाडाला पाणी घालावंच लागतं. फक्त त्या खुणांवर भिस्त टाकू नये. गंमत म्हणजे 'कृपेतून ढळणं' असं आपण मोठ्या पापात पडलेल्या माणसाला म्हणतो, आणि पौलानं गलतीकरांच्या पत्रात ते म्हटलंय नियमांनी नीतिमान ठरू पाहणाऱ्यांना.

येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात एक थोरला मुलगाही आहे. धाकटा सगळं उडवून परत आला, बापानं धावत जाऊन त्याला मिठी मारली, घरात वाजंत्री सुरू झाली. थोरला शेतातून आला तो अंगणातच थांबला. बाप बाहेर येऊन विनवू लागला तेव्हा तो म्हणाला, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला तुम्ही कधी एक करडूही दिलं नाही. स्वतःच्या बापाच्या घरात तो चाकर म्हणून जगला होता, मनातल्या मनात हजेरी भरत. बापाचं उत्तर साधं आहे: बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस, आणि जे माझं ते सगळं तुझंच आहे.

त्या दिवशी आजींच्या प्रश्नावर मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी हाच अध्याय काढून मोठ्यानं वाचला. करडाच्या ओळीशी त्या हसल्या. बापाच्या उत्तराशी आल्यावर त्यांनी हातानं थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग काही वेळ गप्प बसल्या. उठायच्या आधी वही मागितली, चाचपडत पान शोधलं आणि पेन्सिलीनं टिंब केलं. "सवय आहे गं, राहू दे," म्हणाल्या. "उद्या येशील तेव्हा पुढचा अध्याय वाच." ते टिंब धरलं जाईल का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.